एफ-१ व्हिसावर खेळणाऱ्या मुलीने जाहिरातीचे पैसे घ्यावेत का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी भाची अमेरिकेत एका डिव्हिजन वन (कॉलेज खेळांची सर्वात वरची पातळी) कॉलेजकडून टेनिस खेळते. शिष्यवृत्तीवर आहे, व्हिसा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांचा. सध्या सुट्टीला पुण्यात आली आहे. इथल्या एका क्रीडासाहित्याच्या कंपनीने तिला विचारलंय: फोटोशूट आणि इन्स्टावर काही रील्स, मानधन दीड लाख. पोरगी हरखली आहे, माझी बहीण धास्तावली आहे.

स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवायला एनसीएएने (तिकडची कॉलेज खेळांची नियामक संस्था) १ जुलै २०२१ पासून मोकळीक दिली. त्याआधी कॉलेजने जर्सी विकून कमवायचं आणि खेळाडूने साध्या दुकानाची जाहिरात केली तरी त्याची पात्रता धोक्यात. हे मला कधीच पटलं नाही. गाणाऱ्या विद्यार्थ्याने लग्नात गाऊन पाकीट घेतलं तर त्याची शिष्यवृत्ती कोणी काढतं का?

पण ही मोकळीक एनसीएएची. व्हिसा सरकारच्या हातात, आणि एफ-१ वर सत्र चालू असताना कॅम्पसवरच आठवड्याला २० तास काम. बाहेर करायचं तर आधी परवानगी. म्हणून संघातल्या अमेरिकन मुली गावातल्या कॅफेच्या जाहिराती करतात आणि ही नुसती लाइक करते.

केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू ऑस्कर शीबवे, हाही परदेशी आणि विद्यार्थी व्हिसावरचा, २०२२ मध्ये संघासोबत बहामाजला गेला, तेव्हा त्याने अशी कामं तिथेच उरकली होती. म्हणजे शूटिंग पुण्यात आणि पैसे इथल्या खात्यात, तर चालावं, असं आमचं गणित. अडतंय ते पुढे. कंपनीला रील्स डिसेंबरपर्यंत थोड्या थोड्या टाकायच्या आहेत, तोवर ही तिकडे परतलेली असणार. होस्टेलवर बसून इथेच शूट केलेली रील पोस्ट करणं हेसुद्धा 'काम' धरतात का? कंपनीने स्वतःच्या अकाउंटवरून टाकली तर?

शिवाय खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या हाउस खटल्यातल्या २०२५ च्या तडजोडीनंतर ६०० डॉलर आणि त्यावरच्या अशा करारांची नोंद एनआयएल गो या पोर्टलवर करावी लागते. दीड लाख त्यात येणारच. ही नोंद व्हिसाच्या वेळी कोणी काढून विचारतं का? कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाने "वकील गाठा" एवढंच कळवलंय.

कोणाच्या घरी असं झालंय का? इमिग्रेशन वकील अशा सल्ल्याचे साधारण किती घेतात? दीड लाखातले निम्मे तिकडेच गेले तर अर्थ नाही. "कशाला नसती उठाठेव" हे उत्तर बहिणीने आधीच दिलंय, ते सोडून लिहा. कंपनीला पुढच्या आठवड्यात कळवायचंय.