पिक्टन ते क्राइस्टचर्च: वाटेत डॉल्फिनसोबत पोहावे का?

वाटसरू:
येत्या जानेवारीत आम्ही दोघे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर गाडीने फिरणार आहोत. वेलिंग्टनहून फेरीबोटीने पिक्टनला उतरायचे, तिथून एक क्रमांकाच्या महामार्गाने कायकोरा गाठायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी डॉल्फिनसोबत पोहायचे आणि दुपारी निघून संध्याकाळी क्राइस्टचर्चहून परतीचे विमान पकडायचे, असा बेत आहे. पत्नीला पोहता येते, पण ते तलावापुरतेच. उघड्या समुद्रात ती कधी उतरलेली नाही. शिवाय आपल्या हौसेपायी त्या मुक्या जिवांना त्रास होतो का, हा प्रश्नही मनातून जात नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निळाई:
बेत उत्तम आहे, फक्त त्याच संध्याकाळचे विमान तेवढे बदला. आम्ही गेलो तेव्हा पहिल्या सकाळी वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात ऊब देणारा घट्ट रबरी पोशाख, अंगात कसाबसा चढवून झाल्यावर लाटा वाढल्याचे कारण देऊन फेरी रद्द झाली, आणि हाताशी एक मोकळा दिवस होता म्हणूनच दुसऱ्या सकाळी जाता आले. रस्त्याचाही थोडा विचार करावा. क्राइस्टचर्च कायकोराहून सुमारे 180 किलोमीटरच असले, तरी महामार्गाचा बराच भाग एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असा आहे. नोव्हेंबर 2016 मधील 7.8 तीव्रतेच्या भूकंपात कोसळलेल्या दरडींमुळे कायकोराच्या उत्तरेचा टप्पा वर्षभराहून अधिक काळ बंद होता.

तिथे भेटतात ते डस्की डॉल्फिन, लांबीला दोन मीटरच्या आतले, आणि कधी कधी एका कळपात शेकड्यांनी. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्राचा तळ हजार मीटरहून खोल दरीत उतरतो; दिवसा त्या खोलीत राहणारे छोटे मासे आणि म्हाकूल रात्री वर येतात, तेव्हा हे डॉल्फिन त्यांची शिकार करतात आणि दिवसा किनाऱ्याजवळ खेळत, विसावत असतात. पाण्यात त्यांचा पाठलाग करायचा नसतो. स्नॉर्केलमधून (चेहरा पाण्यात ठेवून श्वास घेण्याच्या नळीतून) गुणगुणा, गोल गोल पोहा, जमल्यास बुडी मारा, म्हणजे कुतूहल वाटले तर ते स्वतःच येतील, असे आमच्या वाटाड्याने सांगितले होते. प्रौढ माणसाने असे करावे का, हा संकोच मला जेमतेम दोन मिनिटे पुरला. एक डॉल्फिन माझ्याभोवती फिरू लागला, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून ठेवण्यासाठी मीही फिरत राहिलो, आणि अखेर घेरी आली ती मला.

खारा वारा:
आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण माझ्या मते तोच आधी यायला हवा होता. याच देशाच्या उत्तर बेटावरील बे ऑफ आयलंड्समध्ये बॉटलनोज डॉल्फिनसोबत पोहण्यास 2019 मध्ये बंदी घालण्यात आली. 1999 पासून तेथील डॉल्फिनांची संख्या 66 टक्क्यांनी घटल्याचे आणि जन्मलेल्या पिल्लांपैकी 75 टक्के दगावत असल्याचे तेथील संवर्धन खात्याने तेव्हा सांगितले होते. बोटी आणि माणसे सतत भोवती असल्यामुळे त्या डॉल्फिनांचा खाण्याचा आणि विश्रांतीचा वेळ कमी होत होता. हवाईतही 2021 पासून स्पिनर डॉल्फिनच्या सुमारे 45 मीटरच्या आत जाता येत नाही. तेही रात्री शिकार करून दिवसा किनाऱ्याजवळ झोप घेतात, म्हणजे पर्यटकांची सोयीची वेळ हीच त्यांच्या विश्रांतीची वेळ.

कायकोराची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे येणारे डॉल्फिन संख्येने पुष्कळ अधिक आहेत. तरीही न्यूझीलंडच्या 1992 च्या नियमांनुसार कळपात पिल्ले असतील तर पाण्यात उतरता येत नाही, आणि कळपापासून 300 मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा अधिक बोटींना जाता येत नाही. परवानाधारक चालकाकडेच नोंदणी करा आणि पिल्लांमुळे पोहणे रद्द झाले तर हुज्जत घालू नका. मी स्वतः बोटीवरूनच पाहतो.

सावकाश:
आपल्या पत्नींसाठी दोन गोष्टी सांगतो. वेटसूटमुळे अंग तरंगते, त्यामुळे बुडण्याची भीती असते त्याहून बरीच कमी होते. खरी अडचण थंड पाण्याची. उन्हाळ्यातही चेहऱ्याला पाणी लागताच श्वास एकदम वर ओढला जातो, आणि तोंडात स्नॉर्केल असताना माणूस घाबरतो तो याच क्षणी. जाण्यापूर्वी तलावात स्नॉर्केल लावून, चेहरा पाण्यात ठेवून संथ श्वास घेण्याचा सराव जरूर करावा. उघडा समुद्र नकोच वाटला तर क्राइस्टचर्चहून सुमारे 80 किलोमीटरवरील आकारोआचे बंदर अधिक आडोशाचे आहे. तिथे फक्त न्यूझीलंडच्या समुद्रात आढळणारे, पाठीवर गोलसर पर असलेले हेक्टर डॉल्फिन दिसतात. बोटीवरून पाहण्यासाठी ती जागा मला कायकोराहून अधिक आवडली.

वाटसरू:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. विमान एका दिवसाने पुढे ढकलले असून नोंदणी पहिल्या सकाळची केली आहे. पाण्यात उतरायचे की नाही, हे पत्नी बोटीवर गेल्यावर ठरवील. तिला बोट लागते, त्यावर काही करता येईल का?

निळाई:
डॉक्टरांना विचारून गोळी बोटीवर चढण्यापूर्वीच घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. शक्यतो बोटीच्या मागच्या भागात बसून नजर क्षितिजावर ठेवावी. आणखी एक सांगायचे राहिले: बोट थांबून हेलकावे खाते तेव्हा त्रास सर्वाधिक होतो, आणि डॉल्फिन भेटले की बोट थांबतेच.