प्रबोधन १४५३ साली सुरू झालं, हे शिकवणं आता थांबवावं का? (एक चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

जुनी पाटी

शाळेत घोकलेलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) जिंकलं, तिथले ग्रीक विद्वान ग्रंथ घेऊन इटलीत आले आणि युरोपात प्रबोधन (रेनेसाँ, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन विद्येचं पुनरुज्जीवन) सुरू झालं. परवा पुतणीचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास घेताना तिच्या वहीत हेच वाक्य जवळजवळ शब्दाला शब्द सापडलं. माझं मत स्पष्ट आहे: हे वाक्य चूक आहे आणि ते शिकवणं बंद व्हायला हवं.

१४५३ उजाडण्याआधीच फ्लॉरेन्समध्ये किती काय होऊन गेलं होतं! तिथल्या मुख्य चर्चवरच्या ब्रुनेलेस्कीच्या घुमटाचं काम १४२० साली सुरू झालं आणि १४३६ साली संपलं. चाळीस लाखांहून जास्त विटा, आणि जमिनीपासून उभारलेला लाकडी सांगाडा नाही. चित्रकार मसाच्चो तर आपली चित्रं रंगवून १४२८ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, वारलाही होता.

ग्रीक भाषेचंही तेच. फ्लॉरेन्सचा कारभारी कोलुच्चो सालुताती याने मान्युएल क्रिसोलोरास या ग्रीक विद्वानाला शिकवण्यासाठी कॉन्स्टँटिनोपलहून मुद्दाम बोलावून घेतलं, ते १३९७ साली. इटालियन विद्वान जोव्हान्नी आउरिस्पा १४२३ साली तिकडून २३८ ग्रीक पोथ्या घेऊन आला. जुन्या पोथ्या शोधणाऱ्या पोज्जो ब्राच्चोलिनीला १४१६ साली सेंट गालच्या (आजच्या स्वित्झर्लंडमधल्या) मठात प्राचीन रोमन लेखक क्विंटिलियनचा पूर्ण ग्रंथ मिळाला. हे सगळे लोक घरात बसून निर्वासितांची वाट बघत नव्हते.

त्याही आधीचा, चौदाव्या शतकातला इटालियन कवी पेट्रार्क घ्या. त्याच्याकडे प्राचीन ग्रीक महाकवी होमरची ग्रीक पोथी होती. ग्रीक त्याला येत नव्हतं. पोथी पाठवणाऱ्याला त्याने लिहिलं की तुमचा होमर माझ्यापाशी मुका आहे, किंवा मीच त्याच्यापुढे बहिरा आहे. तरी मी त्याला छातीशी धरतो आणि सुस्कारा टाकतो. एक ओळ वाचता येत नाही अशी पोथी माणूस कवटाळतो! माझ्या लेखी प्रबोधनाची सुरुवात त्या सुस्काऱ्यात आहे, तुर्कांच्या तोफांत नाही.

बाराखडी

असहमत. सुरुवातीची तारीख चूक आहे हे मान्य, पण म्हणून १४५३ पुसून टाकणं ही दुसरी चूक होईल.

तुमचा पेट्रार्क सुस्कारा टाकून थांबला, कारण त्याला नीट शिकवणारं कोणी मिळालं नाही. क्रिसोलोरासही तीनच वर्षं शिकवून फ्लॉरेन्स सोडून गेला. १४५३ पर्यंत ज्याला खरोखर ग्रीक शिकायचं असे तो कॉन्स्टँटिनोपलला जाई. इटालियन विद्वान ग्वारिनो गेला, फिलेल्फो गेला. ते शहर पडल्यावर तो रस्ताच बंद झाला. आता जे काही वाचवायचं ते इटलीतच, ही जाणीव त्या पराभवाने दिली.

बेस्सारिऑन हे नाव वहीत का नसतं, हे मला कधीच समजलेलं नाही. हा ग्रीक धर्मगुरू १४३८ साली धर्मपरिषदेसाठी इटलीत आला आणि पुढे रोमन चर्चचा कार्डिनल झाला. कॉन्स्टँटिनोपल पडल्याचं कळल्यावर तो ग्रीक ग्रंथ झपाटल्यासारखा जमवू लागला. विकत घेतले, नकला करून घेतल्या. १४६८ साली त्याने सगळा संग्रह व्हेनिसला देऊन टाकला: ४८२ ग्रीक आणि २६४ लॅटिन पोथ्या. आपली भाषा उद्या कुणाला वाचता येईल की नाही, या भीतीपोटी उभं राहिलेलं ग्रंथालय आहे ते. १४८८ साली फ्लॉरेन्समध्ये होमर छापला गेला, त्याचा संपादक चाल्कोन्डिलीसही ग्रीकच. मुद्रक आल्दुस मानुशियसने व्हेनिसमध्ये १४९५ ते १४९८ दरम्यान अरिस्टॉटल मूळ ग्रीकमधून छापला. पेट्रार्कची तहान खरी, पण पाणी आणलं या लोकांनी.

घाटवाट

दोघेही 'पुनरुज्जीवन' धरूनच चालताय. मेलं काय होतं?

पोज्जोला क्विंटिलियन मिळाला तो मठात. तिथे तो शेकडो वर्षं टिकला कसा? कुणीतरी थंडीत बसून कातड्यावर तो उतरवला होता म्हणून. आज जे रोमन साहित्य आपल्या हाती आहे, त्यातल्या कितीतरी ग्रंथांची सगळ्यांत जुनी प्रत नवव्या शतकातली आहे, फ्रँकांचा सम्राट शार्लमेन आणि त्याच्या वारसांच्या काळात भिक्षूंनी लिहिलेली. गंमत नव्हे, मला याचं वाईट वाटतं: फ्लॉरेन्सच्या विद्वानांनी त्या भिक्षूंचं सुबक अक्षर पाहिलं, ते प्राचीन रोमनांचंच समजले आणि तेच गिरवू लागले. आज आपण इंग्रजी पुस्तकात वाचतो ते छापील अक्षर त्याच वळणाचं आहे. ज्यांचं अक्षर उचललं त्यांनाच 'अंधारयुग' म्हणायचं, हा अन्याय आहे.

आणि स्पेनमधलं टोलेडो? क्रेमोनाच्या जेरार्डने तिथे सत्तरहून जास्त ग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये आणले. टॉलेमीचा खगोलशास्त्रावरचा 'अल्माजेस्ट', इब्न सीनाचं वैद्यक, सगळं बाराव्या शतकात. तुमच्या यादीत एकही अरब नाव नाही, पाटीसाहेब.

जुनी पाटी

घाटवाट, अरब नावं राहिली ही माझी चूक, मान्य. भिक्षूंचे उपकारही मान्य. पण जपणं वेगळं आणि तपासणं वेगळं.

इटालियन विद्वान लोरेन्झो व्हाल्ला आठवा. सम्राट कॉन्स्टन्टाइनने पश्चिमेचं राज्य पोपला दिलं, असं एक दानपत्र शतकानुशतकं दाखवलं जात होतं. १४४० साली व्हाल्लाने त्याची भाषा तपासली. त्यात 'सत्राप' (इराणी सुभेदार) हा शब्द आहे, म्हणजे आपल्या नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखातला 'क्षत्रप'च. रोमच्या दरबारात हे क्षत्रप कुठून आले, असा त्याचा सवाल. चौथ्या शतकात असं लॅटिन कुणी लिहीत नव्हतं, सबब कागद बनावट. शब्दाला वय असतं आणि त्यावरून कागदाचं वय काढता येतं, ही नजर मला त्याआधी इतकी धारदार कुठे दिसत नाही.

घाटवाट

व्हाल्ला त्या वेळी नेपल्सवर हक्क सांगणाऱ्या राजा आल्फोन्सोच्या पदरी होता आणि त्या राजाचं पोपशी भांडण चालू होतं, हेही सांगा. नजर धारदार होती, यात शंका नाही. पण ती कुणाच्या बाजूने रोखली होती तेही दिसू द्या.

कुंचला

पोथ्यांवरून इतकं चाललंय, चित्रांकडे कुणी बघणार का? मी मुलांची एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घेते. यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) शिकवायची वेळ आली की फळ्यावर पहिलं चित्र लावते ते फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधल्या मसाच्चोच्या 'ट्रिनिटी' या भित्तिचित्राचं. साधारण १४२७. पट्टी घेऊन छताच्या रेषा पुढे वाढवायला सांगते. सगळ्या रेषा खाली एका बिंदूत येतात आणि तो बिंदू बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आहे. सपाट भिंतीत खोली तयार होते! दरवर्षी एखादं मूल फळ्याजवळ जाऊन हात लावून बघतंच.

हे कुठल्या ग्रीक पोथीतून आलेलं नाही. प्राचीन चित्रं त्या लोकांना फारशी पाहायलाही मिळत नव्हती. म्हणून 'प्राचीन विद्येचं पुनरुज्जीवन' हे वर्णन चित्रकलेला अपुरं पडतं. पदुआच्या चॅपेलमध्ये १३०५ च्या सुमारास जोत्तोने रंगवलेल्या माणसांना वजन आहे, पाठ आहे, रडू आहे. तिथून मसाच्चोपर्यंत हात चालत आले. पुस्तकं मागाहून: आल्बेर्तीने चित्रकलेचे नियम लिहिले ते १४३५ साली.

घाटवाट

ताई, पट्टीचा प्रयोग फार आवडला. पण डोळा कसा पाहतो याचं गणित इब्न अल-हैथमने अकराव्या शतकात मांडलं होतं. ते लॅटिनमध्ये आलं, चौदाव्या शतकात इटालियनमध्येही आलं, आणि फ्लॉरेन्सच्या कांस्यद्वारांचा शिल्पकार गिबेर्ती याने आपल्या लेखनात त्यातून भरपूर घेतलं. हात चालत आले, पण वाटेत कैरोचा एक माणूस होता.

मांडवीकाठ

सगळं इटलीतच चाललंय म्हणून आमच्या गोव्याची एक गोष्ट सांगतो. गार्सिया द ओर्ता सालामांका आणि अल्काला इथे शिकलेला वैद्य. १५३४ साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्याने उपचार केले. १५६३ साली त्याचं पुस्तक गोव्यातच छापलं: हिंग, आंबा, नारळ, पटकीचा आजार, सगळं संवादांच्या रूपात. त्यात तो म्हणतो, गॅलन (प्राचीन ग्रीक वैद्य) आणि ग्रीकांविरुद्ध बोलायची छाती मला स्पेनमध्ये झाली नसती. इथे मी डोळ्यांनी पाहिलंय, तेव्हा मला त्यांची भीती घालू नका.

व्हाल्लाने कागद तपासला. ओर्ताने खुद्द प्राचीनांनाच तपासलं, तेही आपल्या बाजारातल्या जिनसा हातात घेऊन. त्यामुळे पाटींच्या बाजूने माझं एक मत. पण शेवटही सांगायला हवा. ओर्ता जन्माने ज्यू घराण्यातला. त्याच्या बहिणीला १५६९ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने (धर्मद्रोह शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने) जाळलं. तो स्वतः १५६८ सालीच वारला होता, तर १५८० साली त्याची हाडं उकरून जाळली. हे सगळं त्याच 'प्रबोधना'च्या शतकात घडलं. घाटवाट, अंधार कुठल्या युगात होता, या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

जुनी पाटी

ओर्ताचं ठाऊक नव्हतं. दोनदा वाचलं.

पुतणीला सध्या इतकंच सांगितलंय: पर्यायांत १४५३ आलं तर खूण कर, गुण सोडू नकोस. मोठं उत्तर लिहायचं असेल तर १३९७ पासून सुरू कर आणि बेस्सारिऑन विसरू नकोस. बाराखडी, एवढं तुमचं मानलं.

घाटवाट

१३९७ नको, ११७५. त्या साली जेरार्डने टोलेडोत 'अल्माजेस्ट' लॅटिनमध्ये आणला. पुढे व्हिएन्नात खगोलज्ञ पॉयरबाखला ग्रीक येत नव्हतं, तो जेरार्डच्याच भाषांतरावर अवलंबून होता. बाराखडींच्या बेस्सारिऑननेच त्याला टॉलेमीचा सुबोध सारांश लिहायला लावलं. काम अर्धवट टाकून पॉयरबाख वारला, ते त्याचा शिष्य रेगिओमोन्टानसने पुरं केलं. १४९६ साली व्हेनिसमध्ये ते छापलं आणि कोपर्निकसने वापरलं. हे तिच्या वहीत लिहून द्या, टोलेडोपासून.