लांब टेबल घरी केलंय? मधे झोळ आला का, ते सांगा

नव्या घरात एका भिंतीलगत ८ फुटी टेबल करायचंय. आम्ही दोघं घरूनच काम करतो आणि मुलगी यंदा दहावीला. तिची खुर्ची बरोबर मधे येणार, त्यामुळे मधे पाय चालणार नाही. सुतारदादा म्हणतात, "१८ मिमी प्लाय टाकू, दोन टोकांना खण, काही होत नाही ताई." माहेरी पुस्तकांच्या फळीला सुटलेलं पोट मी वर्षानुवर्षं बघितलंय, म्हणून विचारते. ज्यांनी असं टेबल स्वतः केलंय किंवा समोर उभं राहून करून घेतलंय त्यांनी लिहा. पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे तेही सांगा.

सहकारनगर

तुमचे सुतार ४ फुटी टेबलाच्या सवयीने बोलतायत. तोच मॉनिटर त्याच फळीच्या मधोमध ठेवून आधारांमधलं अंतर दुप्पट केलंत, की झोळ दुप्पट होत नाही, ८ पट होतो. म्हणून आधी खण टोकांवरून आत घ्या. दोन्हीकडे दीड-दीड फूट फळी बाहेर ठेवली तर मधे ५ फूट उरतात आणि मधल्या वजनाने येणारा झोळ जवळपास चौथ्या हिश्श्यावर येतो. खर्च शून्य. फक्त बाहेर आलेल्या टोकावर कुणी बसायचं नाही!

दुसरं, जाड प्लायच्या मागे लागू नका. १८ ऐवजी २५ मिमी घेतलंत तर कडकपणा अडीच पटीच्या थोडा वर जातो, पण वजन आणि बिलही वाढतं. त्यापेक्षा त्याच १८ मिमी प्लायची ३ इंची पट्टी कापून फळीखाली उभी लावा. हिशेब करून बघा: ती एकटी पट्टी २ फूट रुंदीच्या अख्ख्या आडव्या फळीच्या दुपटीहून जास्त कडक भरते. फुटपट्टी आडवी धरली की वाकते, उभी धरली की वाकत नाही, त्यातलाच प्रकार. बरेच सुतार पट्टी निजवून ठोकतात. कड जाड दिसते, पण उभ्या पट्टीच्या मानाने कडकपणा फारच कमी वाढतो.

नारायण पेठ

माझं शिवणाचं कटिंग टेबल ८ बाय २ आहे, खाली एकही पट्टी नाही, कारण खाली कापडाचे गठ्ठे सरकवायचे असतात. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून ८ बाय ४ ची एकच शीट घेतली आणि तिथेच लांबीत उभी दोन करून आणली. दोन्ही फळ्या एकमेकींना चिकटवल्या, झाली ३६ मिमी.

चिकटवण्यात कंजुषी नको. धाकट्या दिरांनी फेव्हिकॉल ओतला आणि मी दातेरी पत्र्याने कडेपर्यंत पसरवला, कुठेही कोरडा ठिपका राहू दिला नाही. मग खालून दर वीतभर अंतरावर स्क्रू, आणि वर रात्रभर पाण्याचे भरलेले कॅन. कडेने पांढरी रेघ बाहेर आली की समजायचं, कडेपर्यंत पोचलाय. नुसत्या एकावर एक ठेवलेल्या फळ्या एकीच्या दुप्पट कडक, पक्क्या चिकटलेल्या ८ पट. इस्त्री, मशीन, गठ्ठे सगळं त्यावर असतं. मधूनमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून बघते. अर्ध्या सुताचाही फरक नाही.

वाकड

भाड्याचं घर, भिंतीला भोक पाडायची सोय नाही. फॅब्रिकेटरकडून लोखंडी फ्रेम करून घेतली. त्याला १ इंची चौकोनी पाइप वापरायचा होता, मी १ बाय २ इंची मागितला आणि २ इंचांची बाजू उभी ठेवायला लावली. फ्रेम नटबोल्टची करा, अखंड वेल्डिंग नको. आमच्या लिफ्टमध्ये ८ फुटी वस्तू जात नाही हे मी आधी मोजलं होतं. फळी मात्र जिन्यानेच आली, नवव्या मजल्यापर्यंत, आणि हमालदादांनी जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

औंध

पार्टिकल बोर्ड नको म्हणजे नको. बंद झालेल्या एका ऑफिसातून स्वस्तात लांब टेबल आणलं होतं. सुरुवातीला सरळ होतं. वजन तेच असूनही दर पावसाळ्यानंतर थोडं अजून खाली. सामान उतरवल्यावरही बाक तसाच. उलटं करून वापरलं, तर आता दुसऱ्या बाजूने वाकतंय.

पाषाण

वर मायका लावणार असाल तर खालच्या बाजूलाही काहीतरी लावा, स्वस्तातला चालेल. एकाच बाजूला लावला की दमट हवेत फळी पिळवटते आणि मग लोक झोळ झोळ करत बसतात.

कसबा पेठ

टेबल भिंतीलगतच आहे ना? मग मागची कड भिंतीवर का नाही टेकवत? भिंतीला लांब लाकडी बॅटन स्क्रूने मारा, फळी तिच्यावर बसवा. मागचा प्रश्न संपला, उभी पट्टी फक्त पुढे लागेल. आमच्या वाड्याच्या मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नव्हते, म्हणून बॅटनखाली जमिनीपर्यंत दोन ठोकळे उभे केले. नव्या इमारतीत भिंत पोकळसर हलक्या ब्लॉकची असेल तर साधा प्लॅस्टिकचा गुट्टा सैल होतो. त्या ब्लॉकसाठी वेगळे मिळतात, बोहरी आळीत विचारा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. बॅटन आणि पुढे उभी पट्टी असं ठरतंय, खण आत घेऊन. एकच शंका: ३ इंची पट्टी मुलीच्या मांड्यांना लागेल का?

सहकारनगर

मांड्यांना बहुतेक नाही, खुर्चीच्या हातांना नक्की. टेबल जमिनीपासून ३० इंच धरलं तर पट्टीखाली सव्वासव्वीस इंच उरतात. आधी खुर्चीचे हात मोजा. अडत असेल तर पट्टी कडेपासून ४ इंच आत सरकवा किंवा अडीच इंची करा. अडीच इंचीसुद्धा एकटी त्या आडव्या फळीपेक्षा कडकच असते. आणि पट्टी शीटच्या लांबीतून कापा, सांधा मारू देऊ नका. उरलेल्या तुकड्यांतून जोडून देतो म्हणतील, त्याला नाही म्हणा.