‘वाख’ की ‘तंतू’? आणि ‘प्रबलित’ ठेवायचं का?

शब्दयात्री: एका विज्ञानपुस्तिकेचा अनुवाद करते आहे. ताग, अंबाडी, घायपात यांचे तंतू प्लास्टिकमध्ये घालून त्याला बळ देतात, असा विषय. ‘वनस्पतिजन्य तंतूंनी प्रबलित बहुवारिक’ लिहिलं, तर संपादक म्हणाले, वाचक इथेच पुस्तिका मिटेल. मग ‘वाख घालून बळकट केलेलं पॉलिमर’ केलं. आता म्हणतात, वाख फक्त घायपाताचा! माझी आजी अंबाडीचाही वाखच म्हणायची. ‘प्रबलित’ ठेवू की सोडू?

मातीवेल्हाळ: आजी बरोबर. अंबाडी पाण्यात कुजवून सोडवतात तोही वाखच. मला तर हा शब्द ‘वल्क’ म्हणजे साल, त्यावरून आलेला वाटतो. ताग-अंबाडीचे तंतू खोडाच्या सालीतलेच ना?

कातीव: आणि घायपाताचे पानातले! काथ्या नारळाच्या सोडणातला, कापूस बीवरचा. कापसाला वाख कोण म्हणेल? सगळ्यांना पुरणारा शब्द ‘तंतू’च. तन् म्हणजे ताणणे, ‘ताण’ही त्यातलाच. या पदार्थांत ताण पेलतात ते तंतूच. इतका नेमका शब्द का टाकायचा?

रेझीन: मी याच क्षेत्रात आहे. ‘बळकट’ सरसकट लिहू नका. काथ्यात लिग्निन (लाकडात असतो तो चिवट, बांधून ठेवणारा घटक) जास्त, सेल्युलोज (तंतूला ताठरता देणारा घटक) कमी. तागाइतकी ताठरता तो देत नाही, पण तुटण्याआधी पुष्कळ ताणला जातो. शिवाय हे तंतू पाणी ओढणारे आणि पॉलिप्रॉपिलीनसारखं प्लास्टिक पाण्याला जवळ न करणारं, त्यामुळे दोघांची पकड बसत नाही. म्हणून तंतू आधी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवतात. पकड नसेल तर तंतू घालूनही पदार्थ उलट कमजोर होऊ शकतो. म्हणजे ‘तंतुयुक्त’ वेगळं, ‘तंतुप्रबलित’ वेगळं. मला खुपतो तो ‘आधारक’, म्हणजे तंतू ज्यात बसवतात त्या प्लास्टिकसाठीचा (मॅट्रिक्सचा) शब्द. भार पेलायचा तंतूंनी आणि आधारक म्हणायचं प्लास्टिकला?

मातीवेल्हाळ: तंतूंना जागेवर धरतं, एकाचा भार दुसऱ्याकडे पोचवतं, तो आधार नाही का? माझा राग ‘बहुवारिक’वर. पॉलिमर सगळ्यांना कळतं.

कातीव: वापरलाच नाही तर रुळेल कसा? ‘संगणक’ही एकदा नवाच होता.

मातीवेल्हाळ: संगणक तोंडात बसतो हो. ‘वाख’, ‘सुंभ’ असे रुळलेले शब्द असताना...

कातीव: सुंभ म्हणजे काथ्याची दोरी, तंतू नव्हे.

शब्दयात्री: सुंभ काथ्याचाच? आजी गवताच्या दोरीलाही सुंभच म्हणायची.