पुण्यातील भुतांच्या आख्यायिका असलेली ऐतिहासिक ठिकाणे : दोन दिवसांसाठी सल्ला हवा

नांदेडकर_मामा
नमस्कार. कोजागरीला जोडून दोन दिवस माझ्या दोन भाच्यांना (वय १३ आणि १६) घेऊन पुण्यात येत आहे. ज्यांच्याशी भुतांच्या कथा जोडल्या गेल्या आहेत अशाच जुन्या जागा पाहायच्या, असा दोघांचा हट्ट आहे. मुक्काम नातेवाइकांकडे असल्यामुळे तिकिटे आणि शहरातला प्रवास मिळून तिघांचा खर्च १,५०० रुपयांत बसावा. शनिवारवाडा रात्री पाहता येतो का?

कोथरूडवासी
दिवसभरासाठी गाडी ठरवा आणि थेट सिंहगड गाठा. गेल्या वर्षी आम्ही चार हजारांत उत्तम गाडी घेतली होती, चालकही माहीतगार होता. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे जिथे पडले, तिथे आजही लढाईचे आवाज ऐकू येतात असे सांगणारे लोक आहेत. त्या गडापुढे शहरातले बाकी सारे फिके आहे.

पेठेतला_वाचक
मामांनी १,५०० सांगितले आहेत, चार हजार नव्हेत.
शनिवारवाडा संध्याकाळी बंद होतो, त्यामुळे रात्री आत जाता येणार नाही. तो दिवसाच पाहावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी भरदुपारी झाला. गारदी पगाराच्या थकबाकीचा गलका करत आत घुसले आणि अवघ्या अठरा वर्षांचा तो पेशवा राघोबादादांना मिठी मारून प्राण वाचवू पाहत असताना मारला गेला. ते दालन आज अस्तित्वात नाही. १८२८ च्या आगीत आतली लाकडी इमारत जळाली आणि उरले ते चौथरे, कारंज्यांच्या जागा आणि तटबंदी. मुलांना त्या चौथऱ्यांवर उभे करून हा प्रसंग सांगा.

रात्रीचा_प्रवासी
मग अमावास्येला ‘काका, मला वाचवा’ ही हाक ऐकू येते, ती काय खोटी? माझ्या आजोबांनी ती स्वतः ऐकली होती.

शुक्रवारची_ताई
आमच्या घरी पौर्णिमा सांगत, अमावास्या नव्हे. खुनाच्या दिवशी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी होती, म्हणजे पौर्णिमा अगदी जवळ आली होती. हाक पौर्णिमेला जोडली गेली ती बहुधा त्यामुळेच. खरा दोष मात्र आनंदीबाईंचा, ‘धरावे’चे ‘मारावे’ त्यांनीच केले.

पेठेतला_वाचक
ताई, रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी ठरवले ते राघोबादादांना, आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितले तेही त्यांनाच. एका स्त्रीच्या माथी सगळे पाप मारून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. मामा, मुलांना कृपया हेही सांगा.

हडपसरचे_काका
एका मॉलमधल्या भूतघरात आम्ही माणशी सहाशे रुपये मोजले आणि दहा मिनिटांत बाहेर आलो. अंधारात माझ्या मुलीचा पाय मुरगळला तेव्हा तिथे विचारपूस करायलाही कोणी नव्हते. लहान मुलांना अशा ठिकाणी नेऊ नये. शनिवारवाडा दिवसा पाहणेच योग्य, आणि तो रात्री बंद असतो हेही लक्षात ठेवा.

टेकडीवरचा
वेताळ टेकडी कोणीच सुचवली नाही याचे आश्चर्य वाटते. माथ्यावर वेताळाचे देऊळ आहे आणि तिकीट लागत नाही. मी रोज पहाटे जातो. मात्र तिला भुताची टेकडी म्हणू नका. वेताळ हा भुतांचा अधिपती आणि म्हणूनच गावाचा राखणदार मानला जातो, लोक त्याला भिण्यापेक्षा भजतात. अंधार पडायच्या आत खाली उतरा.

रात्रीचा_प्रवासी
खडकीची युद्ध दफनभूमी रात्री बाहेरून पाहा. अंगावर काटा येतो.

खडकीची_लेक
मी त्याच भागात वाढले आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिक विसावले आहेत आणि त्यातले कितीतरी थोरल्या भाच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे होते. ओळीने लावलेल्या शिळांवर नाव, पलटण आणि वय कोरलेले असते. ते दिवसाउजेडी, शांतपणे वाचावे. भुते शोधायला तिथे कोणी जाऊ नये, ही कळकळीची विनंती.

कोथरूडवासी
मी अजूनही सांगतो, गाडी करून सिंहगडच पाहा.

नांदेडकर_मामा
सर्वांचे मनापासून आभार. सिंहगड आणि टेकडी या वेळी सोडून देत आहे. खडकीला सकाळी जाऊ, पण शिळा वाचण्यासाठी. भाच्यांना तसे आधीच बजावले आहे. शनिवारवाडा दिवसा पाहावा असे दोघांनी सांगितले, तरी आम्ही कोजागरीच्या रात्री दिल्ली दरवाज्यासमोरच्या पटांगणातच जाणार आहोत. आतले चौथरे पुढच्या खेपेस पाहू. मुलांनी वर्षभर त्या रात्रीचीच वाट पाहिली आहे, आणि नारायणरावांची हकिकत मी त्यांना तिथेच, राघोबादादांच्या निवाड्यासह, सांगणार आहे.

पेठेतला_वाचक
माझा आग्रह कायम आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी तासभर तरी आत जाऊन या. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नसते, म्हणजे धाकट्याचे पैसे वाचतील. मेट्रोने कसबा पेठ स्थानकावर उतरा, तिथून वाडा चालत जाण्याइतका जवळ आहे. रात्री परतताना शेवटच्या गाडीची वेळ मात्र आधीच पाहून ठेवा.