‘अपग्रेड’ला नेमकं काय म्हणायचं?

ध्रुवमत्स्य:
‘एफटीएल’ या अवकाशजहाजांच्या लढाईच्या संगणक-खेळाची मराठी मार्गदर्शिका लिहितोय, शीर्षक ‘अपग्रेडचं प्राधान्य’; ‘शील्ड अपग्रेड करा’पाशी अडलोय. मसुद्यात ‘अद्ययावत करा’ होतं, तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘उन्नत करा’ केलं. खरी अडचण पुढेच आहे. दुसऱ्या पातळीची शील्ड चौथीवर न्यायला २० आणि ३० मिळून ५० स्क्रॅप (खेळातलं चलन) लागतं, पण वाढलेल्या दोन पट्ट्यांना (दर पातळीची एक पट्टी) वीज हवी तर जहाजाला वीज पुरवणाऱ्या रिअ‍ॅक्टरवर वेगळा खर्च. नवखा खेळाडू ५० मोजतो आणि संरक्षणाचा दुसरा थर का चढत नाही म्हणून गोंधळतो. दोन्ही खरेद्यांना ‘अपग्रेड’च म्हणतात. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत का?

कूर्मगती:
‘अद्ययावत’ चूकच. अद्य + यावत्, म्हणजे आजपर्यंतचं. खेळ २०१२चा, त्याची २०१४ची ‘अ‍ॅडव्हान्स्ड एडिशन’ आली तेव्हा खेळ अद्ययावत झाला. ढाल अद्ययावत होत नसते. शील्डची ‘पातळी वाढवा’, रिअ‍ॅक्टरची ‘वीज वाढवा’. संपलं.

अक्षरगंगा:
‘उन्नयन’ला हरकत काय? उत् + नयन, वर नेणं. उन्नत, उन्नयनक्षम अशी रूपंही सहज होतात. ‘पातळीवाढ’ म्हटलं की धरणाचं पाणी आठवतं.

व्याधतारा:
खेळणारे ‘इंजिन वाढव’ म्हणतात, ‘इंजिनाचं उन्नयन कर’ कुणी म्हणत नाही. शिवाय ‘उन्नत’ने चुकीची अपेक्षा तयार होते. एका थराला दोन पट्ट्या लागतात, त्यामुळे तिसऱ्या पातळीला थर एकच राहतो. मात्र विषम पट्टी वाया जात नाही. पातळी पाच असेल तर शील्डच्या खोलीचं एका पट्टीचं नुकसान झालं तरी चार शाबूत, दोन्ही थर टिकतात. चारच असतील तर त्याच माराने एक थर जातो. वीज न दिलेली पट्टीसुद्धा हे काम करते. तिला ‘राखीव पट्टी’ म्हणा, अर्धा घोळ तिथेच मिटेल.

कूर्मगती:
‘राखीव पट्टी’ उत्तम. आता शीर्षकातलं ‘प्राधान्य’ही बदला. प्राधान्य म्हणजे महत्त्व, अग्रक्रम म्हणजे रांगेतली जागा. केस्ट्रेल जहाजावर तीन गोळ्यांची बर्स्ट लेझर टू आधीपासूनच असते, म्हणून प्राधान्य शस्त्रांना असलं तरी अग्रक्रम दुसऱ्या थराला. दारांच्या दुसऱ्या पातळीला रिअ‍ॅक्टरची वीज लागत नाही, आणि ती आग व घुसखोर दोन्ही रोखून धरते. तीही लवकरच घ्यावी.

अक्षरगंगा:
मग ‘स्क्रॅप’ तरी का ठेवता? ‘मोड’ आहे ना! रुपयाची मोड म्हणजे सुटे पैसे, भांडी मोडीत घालणं म्हणजे जुना धातू देणं. फुटलेल्या जहाजांचा धातू हेच चलन असलेल्या खेळाला दोन्ही अर्थ लागू पडतात.

व्याधतारा:
आणि ‘ईझी मोडमध्ये मोड जास्त मिळते’ हे वाक्य कसं वाचायचं?

अक्षरगंगा:
‘सोपी पातळी’ म्हणायचं.

व्याधतारा:
पातळी शब्द वर शील्डला देऊन झालाय.

कूर्मगती:
‘भंगार’ नको, त्यात टाकाऊपणा येतो. स्क्रॅपच राहू द्या.

ध्रुवमत्स्य:
रिअ‍ॅक्टरसाठी ‘वीज वाढवा’ घेतो. पण ‘इव्हेजन’ला, म्हणजे शत्रूचा नेम चुकण्याच्या शक्यतेला, काय? इंजिनाच्या पाचव्या पातळीपर्यंत ते दर पातळीला ५ टक्क्यांनी वाढतं, पुढे २८, ३१ आणि आठव्या पातळीला ३५.

अक्षरगंगा:
हुलकावणी.

कूर्मगती:
हुलकावणीत मुद्दाम फसवणं आहे. इथे नेम नुसता चुकतो. ‘चुकवण’.

व्याधतारा:
शब्द कुठलाही घ्या, पण त्याखाली लिहा की सुकाणूची पातळी एक असताना चालक जागेवरून उठला तर हा आकडा थेट शून्य होतो. दुसऱ्या पातळीला निम्मा उरतो. आग विझवायला चालकालाच पाठवणारे इथेच मार खातात.

अक्षरगंगा:
‘पायलटिंग’ला सुकाणू? सुकाणू पाण्यातल्या नावेचं असतं!