मदत हवी आहे: मागच्या टेकडीवर कायोटींची जोडी आणि घरात पाच किलोचं कुत्रं

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या सॅन रॅमोनला राहतो. मागच्या अंगणाला लागून मोकळी टेकडी आहे. घर घेताना एजंटने याच टेकडीची तारीफ करून आम्हाला जादा पैसे मोजायला लावले होते. आता त्या टेकडीवर कायोटींची (कोल्ह्यासारखा इथला रानटी प्राणी) एक जोडी मुक्कामाला आली आहे.

हिवाळ्यात रात्री नुसती कोल्हेकुई ऐकू यायची, त्याची सवय झाली होती. एप्रिल लागल्यापासून मात्र चांगलं उजाडल्यावरही दिसतात. परवा संध्याकाळी बंड्याला, म्हणजे आमच्या कुत्र्याला, ट्रेलवर (टेकडीवरच्या पायवाटेवर) फिरवत होते, तर एक कायोटी आमच्या मागे मागे यायला लागला. वीस-पंचवीस पावलांचं अंतर ठेवून. गुरगुरणं नाही, दात दाखवणं नाही. आम्ही थांबलो की तोही थांबायचा, चाललो की चालायचा. काटकुळे पाय, खाली सोडलेली शेपूट आणि आमच्यावर खिळलेली नजर. ट्रेल संपून डांबरी रस्ता लागला तसा वळला आणि गवतात गेला. घरी येईपर्यंत माझ्या हातापायांत त्राण नव्हतं.

बंड्या शिह त्झू जातीचा. वजन पाच किलो, अक्कल त्याहून कमी, पण भांडायची खुमखुमी रॉटवायलरची. कायोटी दिसला की कुंपणाशी जाऊन भुंकतो. कुंपण लोखंडी गजांचं आहे, पाच फुटी, टेकडी दिसावी म्हणून केलेलं. एचओएला (घरमालकांच्या सोसायटीला) विचारलं तर कुंपणाला हात लावायचा नाही असं उत्तर आलं. शेजारच्यांचं मांजर गेल्या महिन्यापासून बेपत्ता आहे. त्यामुळे गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्गणी काढून पिंजरा लावणारा माणूस बोलवायची भाषा सुरू झाली आहे. मला ते पटत नाही, पण दुसरं काय सुचवावं तेही कळत नाही.

आणखी एक. आई-बाबा पुण्याहून आले आहेत. आई रोज सकाळी कावळ्या-चिमण्यांसाठी पोळीचे तुकडे आणि भात कुंपणाच्या कडेला ठेवते. ते बंद करावं का? आणि मुलगी चार वर्षांची आहे, तिला अंगणात एकटं सोडावं का? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

– सायलीचं_झाड

---

मिशनपीककर: सायली, आम्ही फ्रीमॉन्टला डोंगराच्या पायथ्याशीच राहतो, त्यामुळे हे दर वसंतातलं आहे. जानेवारी ते मार्च त्यांचा जोडी जमायचा काळ, आणि गाभण राहिल्यापासून साधारण दोन महिन्यांनी, एप्रिल-मेमध्ये, बिळात पिल्लं होतात. तुमच्या मागे चालणारा बहुतेक त्या घरचा बाप असणार. तो शिकार करायला मागे लागला नव्हता, तुम्हाला बिळापासून हद्दीबाहेर पोचवत होता. कुत्रा बरोबर असला की ते हमखास असं करतात, कारण कुत्रा त्यांच्या लेखी प्रतिस्पर्धी असतो. अशा वेळी अंगावर धावून जाऊ नका आणि पाठ फिरवून पळू तर मुळीच नका. बंड्याला उचलायचं, तोंड कायोटीकडे ठेवायचं आणि सावकाश मागे सरकत निघायचं. जून-जुलैपर्यंत तो ट्रेल सोडा, दुसरीकडे फिरवा.

अंगणाचा न्याय वेगळा. अंगण तुमचं आहे आणि ते त्याला कळलं पाहिजे. तिथे दिसला की दोन्ही हात वर करून मोठ्याने ओरडा, पाण्याचा पाइप सोडा, काकूंच्या हाती स्टीलचं ताट आणि उलथनं द्या. तो निघून जाईपर्यंत ओरडणं थांबवू नका. दोनदा ओरडून तुम्हीच घरात पळालात, तर तो एवढंच शिकतो की ही माणसं नुसता आवाज करतात. फक्त त्याला पळायला वाट मोकळी असू द्या.

खारी_बिस्कीट: फ्लेक्सी (लांब-आखूड होणारा) पट्टा आधी फेकून द्या!! सहा फुटी साधा पट्टा वापरा. कुत्रा पंधरा फुटांवर असला तर वेळेवर उचलणार कसा? शिवाय छोट्या कुत्र्यांसाठी काटे लावलेलं जाकीट मिळतं. आमची चिकू त्यात साळिंदर दिसते, पण घालते बिचारी.

मिशनपीककर: पिंजऱ्याचं राहिलं. कॅलिफोर्नियात पकडलेला कायोटी नेऊन दुसऱ्या डोंगरात सोडता येत नाही, कायद्याने बंदी आहे. पिंजऱ्यात आला की एक तर तिथेच सोडायचा, नाही तर तिथेच मारायचा. ग्रुपवर वर्गणी देणाऱ्या निम्म्या लोकांना वाटत असेल की तो कुठेतरी जंगलात सुखाने राहील. हे त्यांना स्पष्ट सांगा, बरेच हात आपोआप खाली येतील. आणि मारून तरी काय, जागा रिकामी झाली की हद्द शोधत भटकणारा दुसरा येतो. हे दोघं निदान तुमची गल्ली ओळखतात.

शिकागोकर: आमच्याकडे कुक काउंटीत 2000 सालापासून कायोटींना रेडिओ कॉलर लावून अभ्यास चालू आहे, ओहायो स्टेट विद्यापीठाचे स्टॅन्ली गेर्ट यांचा. त्यांनी तपासलेल्या विष्ठेत सगळ्यात जास्त सापडले उंदीर-घुशींच्या जातीचे प्राणी, सुमारे 42 टक्के नमुन्यांत. त्याखालोखाल फळं, हरणं आणि ससे. मांजरं जेमतेम 1 टक्का. पण यावर तुम्ही कॅलिफोर्नियात निर्धास्त राहू नका. लॉस एंजेलिसच्या शहरी भागातल्या अशाच तपासणीत मांजराचे अवशेष 20 टक्क्यांच्या आसपास नमुन्यांत निघाले होते. मांजर घरातच ठेवायचं, दुसरा उपाय नाही.

बाकी इथे 2007 मध्ये एक कायोटी भर डाउनटाउनमध्ये सँडविचच्या दुकानात शिरून थंड पेयांच्या उघड्या कपाटात जाऊन बसला होता. त्यामुळे दिवसा दिसला म्हणजे पिसाळलेला, असं समजू नका. पिल्लांचं पोट भरायचं असलं की दिवसपाळीही करावी लागते.

वाशीची_खाडी: आमच्याकडे नवी मुंबईत तिवरांत कोल्हे आहेत, कधीमधी सोसायटीच्या भिंतीपर्यंत येतात. इथेही गोष्ट खाण्यावरच येऊन थांबते. कचऱ्याचे डबे उघडे असले की येणार. काकूंना सांगा, चिमण्यांचा भात उंदीर खातात आणि उंदरांमागे पाहुणे येतात.

सायलीचं_झाड: सगळ्यांचे मनापासून आभार. काल सकाळी बाबांना कुंपणाबाहेर विष्ठा दिसली. काडीने उकलून पाहिली त्यांनी (निवृत्त जीवशास्त्राचे शिक्षक, त्यांना कोण अडवणार). केस होते आणि लोकाटच्या बिया होत्या, भरपूर. आमच्या लोकाटच्या झाडाखाली फळांचा सडा पडलेला असतो. आईचं म्हणणं, बघा, भात नाही खाल्ला त्याने! आता तिला काय सांगू? मुलीबद्दल कुणीच बोललं नाही.

शिकागोकर: मुलीबद्दल: अमेरिका आणि कॅनडा मिळून कायोटीने माणूस मारल्याच्या नोंदी दोनच आहेत. 1981 मध्ये कॅलिफोर्नियातच ग्लेनडेलला एक लहान मुलगी आणि 2009 मध्ये नोव्हा स्कॉशियात एक तरुणी. पाळीव कुत्रे दर वर्षी त्याहून किती तरी जास्त बळी घेतात. तरी चार वर्षांच्या मुलीला तिथे एकटं सोडू नका, मोठं माणूस हवंच. चावल्याच्या घटनांत लहान मुलंही असतात, आणि बऱ्याचदा आधी कुणीतरी त्या कायोटीला खायला घालून धीट केलेलं असतं.

मिशनपीककर: काकूंना म्हणावं, भात विष्ठेत दिसत नाही, पचून जातो. 😀 कावळ्याचा घास बंद करायला नको. सकाळी स्वतः उभं राहून घालायचा आणि उरलेला लगेच उचलायचा. लोकाट रोज वेचा. कंपोस्टच्या डब्याला झाकण, बर्ड फीडर काही दिवस आत, बंड्याचं पाण्याचं भांडंही आत. उंदराचं विष कुणी टाकत असेल तर थांबवा. विष खाल्लेला उंदीर कायोटी, घुबडं, कुणाचीही मांजरं खातात. त्यातल्या जहाल प्रकारांवर राज्याने 2021 पासून कडक निर्बंध घातले आहेत.

कुंपणाचं: सहा फूट उंची आणि वर फिरता रोलर, हा खरा उपाय. एचओए ते मान्य करणार नसेल, तर गजांच्या आतून खालच्या भागाला काळ्या रंगाची वेल्डेड जाळी लावायची परवानगी मागा. लांबून ती दिसतही नाही. गजांमध्ये चार इंचांपेक्षा जास्त फट असेल तर जाळी हवीच. खालचं टोक बाहेरच्या बाजूला फूटभर दुमडून मातीत दाबा, म्हणजे उकरून आत येणार नाही. अर्ज करताना मांजर हरवल्याचं आणि घरात लहान मूल असल्याचं लिहा. पाच फूट तो सहज चढतो, म्हणून बंड्यासाठी दाराजवळ छत असलेला छोटा डॉग रन (कुत्र्यासाठी जाळीची बंदिस्त जागा) करून घ्या. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याला एकटा बाहेर काढू नका. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लशी झाल्या आहेत ना?

सायलीचं_झाड: रेबीजची झाली आहे, लेप्टोची उद्या विचारते. एचओएचा अर्ज आज रात्री भरते. ती जाळी स्वतः बसवलेलं कुणी आहे का इथे? गजांना झिप टाय टिकतात का, की तारेनेच बांधावी?

खारी_बिस्कीट: तारेनेच. झिप टाय उन्हाने वर्षा-दोन वर्षांत तडकतात. आणि हातमोजे घाला, कापलेल्या जाळीची टोकं फार लागतात.